मागे मी आहे

आमच्या खेळात ओरडणं हेही एक काम असतं. बघणाऱ्यांना वाटतं, उंच बाई बास्केटखाली उभी राहते, हात वर करते, झालं. मी चौदा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळतेय, आणि त्यातली निम्मी नोकरी मी घशाने केली आहे.

समजा, तुम्ही समोरच्या संघातल्या एका चपळ पोरीला अडवताय. नजर तिच्या कमरेवर, पावलं मागे मागे. तेवढ्यात तिची एखादी धिप्पाड मैत्रीण गुपचूप येते आणि तुमच्या वाटेत पाय रोवून उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात. नियमात बसतं. तुम्हाला ती दिसत नाही, कारण पाठीला डोळे नसतात. दिसते ती तुमच्या मागे उभ्या असलेल्या तुमच्याच संघातल्या उंच बाईला. तिने ओरडायचं, "डावी" किंवा "उजवी". तेवढ्या एका शब्दावर तुम्ही खांदा वळवून निसटता. आणि ती ओरडलीच नाही, तर तुम्ही पूर्ण वेगात हाडामांसाच्या खांबावर जाऊन आपटता. मी आपटले आहे.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि उंची असूनही पळायचे. आमच्या कॅप्टनला आम्ही पाठीमागे महाराणी म्हणायचो, कारण ती बुटांच्या नाड्यासुद्धा नव्या पोरींकडून सोडवून घ्यायची. तोंडावर मी तिला आजही कॅप्टन म्हणते आणि अहो-जाहो करते. इथे मात्र अगं-तुगंच करणार आहे, कारण इथे मी सांगतेय. तर त्या वर्षी देशाच्या संघात एका उंच मुलीची जागा रिकामी होती आणि चर्चेत दोनच नावं होती, तिचं आणि माझं. निवड करणारे लोक सामन्याला आले होते. मी एका नेमबाज पोरीच्या मागावर होते. माझ्या मागे महाराणी उभी होती. स्क्रीन लावणारी पोर महाराणीच्या नाकासमोरून चालत आली आणि माझ्या वाटेत उभी राहिली. महाराणी गप्प राहिली.

गळ्याखालचं हाड मोडलं आणि पुढचे दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात महाराणी सफरचंदं घेऊन आली. पलंगाच्या कडेवर बसली, माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "मी आवाज दिला होता गं. तुला ऐकू आलं नाही वाटतं."

मी तिला सॉरी म्हणाले. आज हे सांगतानासुद्धा माझ्या अंगाची लाही लाही होते.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण मला ऐकू येत नाही, हे माझ्या डोक्यात आठ महिने घर करून बसलं. घरी टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायचे. कुणी काही बोललं की "काय?" विचारायचे. कोर्टवर तर दर तिसऱ्या पावलाला मागे वळून बघायचे, आणि जी मागे बघते तिला समोरची चुटकीसरशी चकवून जाते. कोचने मला बाकावर बसवलं ते बसवलंच. देशाच्या संघात महाराणी गेली. तिचे फोटो छापून आले. शेवटी आईने माझा हात धरला आणि कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

दुसऱ्या मजल्यावरचा छोटासा दवाखाना होता. आत फोम लावलेली कपाटाएवढी खोली. कानांवर हेडफोन, हातात बटण, बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मग डॉक्टरने एक कागद दिला. त्यावर एक लाल रेघ आणि एक निळी, दोन्ही अगदी वरून सरळ गेलेल्या. "या कानांना शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा ऐकू येईल," तो म्हणाला. "घरी जा."

आम्ही जिना उतरायला लागलो. चौथ्या पायरीवर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कान चांगले आहेत, म्हणजे आवाज दिलाच नव्हता. मी तिथेच थांबले. आई पुढे दोन पायऱ्या उतरून गेली होती. ती वळली, माझ्याकडे बघितलं, आणि तिलाही कळलं.

तो कागद मी चार घड्या घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. त्यानंतर पाच बॅगा बदलल्या. कागद प्रत्येक बॅगेत गेला. महाराणीला मी चकार शब्दाने विचारलं नाही, कारण पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं, तर माझे चांगले कान. ती वाजतगाजत निवृत्त झाली. तिची जर्सी आमच्या हॉलच्या छताला टांगली, आणि मी रोज तिच्याखाली सराव करत आले. वेग गेला, गुडघे गेले, मी बास्केटखाली आले आणि संघातली सगळ्यात जुनी झाले. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. माझा राग तर मुरत गेला.

आणि या मोसमात महाराणीची लेक आमच्या संघात आली.

एकोणीस वर्षांची, अंगाने बारकी आणि पाय असे की दुसऱ्याच दिवशी तिचं नाव भिंगरी पडलं. मी आपटले त्या दिवशी ही सहा वर्षांची होती आणि बाकावर पाय हलवत बसली होती. पहिल्या दिवशी ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मान इतकी वर करावी लागली तिला, की हसूच आलं.

"ताई, आई म्हणाली, बाकी कुणाचं नाही ऐकलंस तरी चालेल, पण तुमचं ऐकायचं."

"असं म्हणाली?"

"हो. म्हणाली, तुमच्याइतका मोकळा आवाज कुणाचाच नाही."

त्याच आठवड्यात महाराणी स्वतः आली. केस आता कापलेले, अंगावर भारी कोट. मला मिठी मारली. "पोरीला तुझ्या पदरात घातलीय," ती म्हणाली. "सांभाळ."

"काळजी करू नका, कॅप्टन," मी म्हणाले. मी तिथल्या तिथे ठरवलं होतं. उट्टं काढायचं तर तसंच काढायचं, त्याच शब्दात, त्याच गप्पपणात.

पण नुसतं गप्प राहून भागत नाही. मागे बघायची सवय असलेली पोर स्क्रीन स्वतःच टिपते. आधी ती सवय मोडायला हवी होती. म्हणून मी तिला शिकवायला घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, इतकं मन लावून मी कुणालाच शिकवलं नव्हतं. सरावानंतर हॉलमध्ये अकरा खुर्च्या वाटेल तशा मांडायच्या. भिंगरीने तोंड माझ्याकडे न करता, पाठ खुर्च्यांकडे ठेवून, उलटं पळायचं. मी कडेला उभी राहून नुसतं "डावी, उजवी, डावी" म्हणायचं. पहिल्या दिवशी तिने सात खुर्च्या पाडल्या आणि तिच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. प्रत्येक वेळी ती मान वळवायची आणि प्रत्येक वेळी मी शिट्टी मारायचे.

"मागे बघायचं नाही."

"पण ताई, भीती वाटते."

"कसली भीती? मागे मी आहे."

दोन महिन्यांनी ती अकरा खुर्च्यांतून उलटी पळाली आणि एकीलाही तिचा धक्का लागला नाही. कोच टाळ्या वाजवत आला. त्याने बाकीच्या पोरींना बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याला म्हणतात सीनियर खेळाडू. जरा शिका." वर्तमानपत्रात आमच्या दोघींचा फोटो आला. खाली लिहिलं होतं की अनुभवाची सावली तरुण खेळाडूंवर पडली की संघ असा बहरतो. मी तो फोटो आईला दाखवला. आईला आता कानांनी फारच कमी ऐकू येतं. ती फोटो बघून म्हणाली, "ही तिचीच ना?" मी मान हलवली. आईने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

मोसमभर मी एकही स्क्रीन सोडली नाही. प्रत्येक वेळी ओरडले, वेळेवर आणि खणखणीत. भिंगरी माझ्या आवाजावर अशी फिरायची की समोरच्या संघाच्या पोरी हैराण व्हायच्या. तिने एकदाही मागे बघितलं नाही. देशाच्या संघाच्या शिबिरासाठी तिचं नाव चर्चेत आलं. एकदा माझ्या घोट्याला पट्टी बांधताना ती हसत म्हणाली, "ताई, घरी आई हाक मारते ना, तर मी डावीकडे वळते." मीही हसले. मग दिवसभर स्वतःवरच चिडले, कारण ती पोर मला आवडायला लागली होती. पण आवडण्याने काय होतं? तेव्हा मीही कुणाला तरी आवडत असणारच की.

उपांत्य सामन्याला हॉल भरला होता. निवड करणारे तिघे टेबलामागे बसले होते आणि पहिल्या रांगेत भारी कोट होता. यापेक्षा चांगला दिवस मला मिळाला नसता. समोरच्या संघात बास्केटखाली खेळणारी एक धिप्पाड सेंटर होती, आम्ही तिला रोडरोलर म्हणायचो. तिला अडवणं माझं काम. म्हणजे ती कुठे जाते ते सगळ्यात आधी मला दिसणार. पहिल्या अर्ध्या वेळात ती सहा वेळा स्क्रीन लावायला गेली, मी सहा वेळा ओरडले आणि भिंगरी सहाही वेळा लोण्यातून सुरी गेल्यासारखी निसटली. मी म्हटलं, असू दे. पोरगी निर्धास्त असली पाहिजे.

तिसऱ्या सत्रात रोडरोलर निघाली. उजवीकडून. मला तिच्या खांद्यावरून भिंगरीची पाठ दिसत होती, आमच्याच संघाची जर्सी, मानेवर चिकटलेले ओले केस. तीन पावलं राहिली. मग दोन. माझं तोंड उघडलं, हे मी कबूल करते. चौदा वर्षांची सवय आहे त्या तोंडाला. पण मी घसा आवळून धरला.

आपटल्याचा आवाज झाला तेव्हा मी भिंगरीकडे बघतच नव्हते. मी पहिल्या रांगेकडे बघत होते. महाराणी उठून उभी राहिली होती, पोर खाली पडायच्या आधीच. आणि तिची नजर पोरीवर नव्हती, माझ्यावर होती. तेरा वर्षांत त्या बाईने मला पहिल्यांदा नीट बघितलं. मला फार आनंद झाला.

भिंगरी जमिनीवर आडवी होती. एक हात वेडावाकडा पोटावर धरलेला, ओठ फुटलेला. मी वाकले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सॉरी ताई. मला ऐकूच आलं नाही."

सामना आम्ही हरलो. उपचाराच्या खोलीत तिला टेबलावर बसवलं होतं, खांद्यावर बर्फाची पिशवी, आणि फिजिओ तिचा हात झोळीत बांधत होती. हाड तेच, गळ्याखालचं. महाराणी आत आली. तिने फिजिओला बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं, "तू आवाज दिला होतास?"

हे वाक्य मी तेरा वर्षं तयार ठेवलं होतं. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मी आवाज दिला होता. तिला ऐकू आलं नाही वाटतं."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. टेबलावरून पोर म्हणाली, "दिला होता गं आई. माझंच लक्ष नव्हतं. ताई कधी चुकत नाहीत."

 मी खोटं बोलतेय हे महाराणीला ठाऊक होतं, पण ते ठाऊक कसं, हे लेकीला सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी तिथे पुरतं एक मिनिट उभी राहिले, तिच्याकडे बघत. मग बॅग उचलली आणि बाहेर पडले. घरी जाताना मी गुणगुणत होते.

आई टीव्हीसमोर बसली होती. ती सगळे सामने आवाज बंद करून बघते. ऐकू येत नाही तर शेजाऱ्यांना त्रास कशाला, म्हणते. मी बूट काढत होते तेव्हा ती वळली.

"तू ओरडली नाहीस," ती म्हणाली.

मी मोठ्याने म्हणाले, "काय?"

"तू ओरडतेस तेव्हा तुझ्या गळ्याची शीर फुगते. तोंड उघडं होतं. शीर फुगली नाही."

मला राग आला. "तिने माझं काय केलं, तुला माहीत नाही? विसरलीस?" मी जवळजवळ किंचाळले, अर्थात तिच्याशी तसंच बोलावं लागतं.

"विसरले नाही. तुला मी डॉक्टरकडे नेलं होतं." आई उठली, माझे बूट उचलून कोपऱ्यात नीट लावले. "हिला कोण नेईल? हिच्या आईला तर खरं काय ते माहीतच आहे."

 मी जेवले आणि झोपले. झोपही छान लागली, ते सांगायला लाज वाटत नाही.

भिंगरी सात आठवड्यांनी सरावाला परत आली. शिबिरासाठी दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं होतं. ती म्हणाली, "ताई, खुर्च्या लावू या?" मी खुर्च्या मांडल्या. ती पाठ करून उभी राहिली, मी "डावी" म्हणाले, आणि तिने मान वळवली. पुढच्या शब्दाला पुन्हा. दर तिसऱ्या पावलाला ती मागे बघत होती. अकरातल्या आठ खुर्च्या पडल्या.

"जरा मोठ्याने बोलता का?" ती म्हणाली.

मी घसा फाटेस्तोवर ओरडले. छताखालची जर्सीसुद्धा हलली असेल.

"ऐकू येतंय," ती कपाळ पुसत म्हणाली, "पण खात्री वाटत नाही. त्या दिवशी माझ्यापासून किती लांब होता तुम्ही? चार पावलं? आणि मला काहीच कसं ऐकू आलं नाही? घरी पण मी आता टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून मी कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, आज चारची. आई जाऊच देत नव्हती. आधी ओरडली, मग रडायलाच लागली. एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात? तुम्ही याल माझ्यासोबत?"

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एकही नव्हतं.

तोच दवाखाना, तोच दुसरा मजला. डॉक्टर बदलला होता, आता एक तरुण बाई होती. फोमची खोली तीच, फक्त तिला काचेची खिडकी बसवली होती. बाहेरच्या बाकावर बसून मला आत दिसत होतं. भिंगरी हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती आणि पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. एकही शिट्टी तिने सोडली नाही. बॅग माझ्या मांडीवर होती आणि आतल्या कप्प्यात माझा कागद होता. तो काढून तिच्या हातात दिला असता तर महाराणीचं सगळं बाहेर पडलं असतं. लेकीने आईचं तोंड बघितलं नसतं. सुडावर सूड मिळाला असता. पण त्याच कागदावर माझंही तोंड दिसलं असतं. मी चेन उघडली आणि पुन्हा लावली. महाराणीच्या तोंडाला मी जे कुलूप लावलं होतं ते माझ्याही तोंडाला बसलं होतं, हे मला त्या बाकावर कळलं.

डॉक्टरबाईंनी कागद बाहेर आणून दिला. लाल रेघ, निळी रेघ, दोन्ही सरळ. "उत्तम आहेत कान," त्या म्हणाल्या. "इतके चांगले मी या महिन्यात बघितले नाहीत. काळजीच करू नका."

भिंगरी हसली. थँक्यू म्हणाली. मग कागदाकडे बघत राहिली, आणि हसू तसंच राहून गेलं, जसं कुणी दिवा घालवायचं विसरावं. तिने कागदाच्या चार घड्या घातल्या. बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. चेन लावली.

"बरं झालं ना," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली आणि बाजूला सरकली. "तुम्ही पुढे व्हा, ताई. मी आहे मागे."

मी उतरायला लागले. तिच्या बुटांचा आवाज माझ्या मागे येत होता, एक, दोन, तीन. मला मोजायचं नव्हतं, पण मी मोजत होते. चौथ्या पायरीवर तो आवाज थांबला.

मी पुढे उतरत राहिले. माझे कान अजून चांगले आहेत, तिने हाक मारली असती तर ऐकू आली असती. खालच्या दारापर्यंत मी दर तिसऱ्या पायरीला मागे वळून बघत होते.